विचारायचं हाय, खरं गाडी हाय

आमच्या बेळगावकडच्या मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येणार होतो, खरं पाऊस लागला.’ ‘पोरगा हुशार हाय, खरं तोंड उघडत न्हाई.’ पुण्याकडचा पाहुणा आला की पहिले दोन दिवस बुचकळ्यात पडतो. ही माणसं वाक्यावाक्याला शपथ कशाला घेतात, असं त्याला वाटतं. तिसऱ्या दिवशी त्याला उलगडतं आणि जाताना तोही एखादा ‘खरं’ सोबत घेऊन जातो.

२०२३ चा जुलै. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा शेवटचा तास, विषय अर्थशास्त्र, धडा मागणीच्या लवचिकतेचा, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते त्याचा. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे पत्र्यावर पडला तर शिकवणाऱ्याला ओरडावं लागतं असा. तिसऱ्या बाकावर जांबोटी रस्त्यावरच्या एका खेड्यातली मुलगी बसायची. तास संपायला दहा मिनिटं असली की तिची आवराआवर सुरू व्हायची. आधी पेनला टोपण, मग वही बंद, मग डबा पिशवीत, मग छत्रीचं बटण चाचपून बघणं. हे सगळं माझ्याकडे बघत, मान हलवत, अगदी आदबीनं. महिनाभर मी ते पाहिलं आणि त्या दिवशी मला राग आला. तास सुटताच व्हरांड्यात तिला गाठलं. म्हटलं, “समजतंय का काही? की नुसतीच मान हलवतेस?”

ती थांबली. एक पाय पुढे, एक मागे. म्हणाली, “बाई, विचारायचं हाय, खरं गाडी हाय.” आणि पळाली.

(खेड्यातल्या हायस्कुलातून आलेल्या मुली दिवाळीपर्यंत आम्हाला ‘बाई’ म्हणतात. दिवाळीनंतर ‘मॅडम’ सुरू होतं. ‘बाई’ गेलं की मला जरा चुकल्यासारखं होतं.)

मी तिथंच उभी राहिले. कारण ती गाडी माझ्या ओळखीची होती.

मी दहावी झाले १९८७ साली, मराठी माध्यमातून. आमचं गावही त्याच रस्त्यावरचं, जांबोटीच्या अलीकडे, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. खानापूर तालुक्याचा हा पट्टा जंगलाचा. मलप्रभा उगवते ते कणकुंबी इथून फार लांब नाही. पावसाळ्यात चार महिने घराच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात. पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात नाव घातलं आणि माझं आयुष्य वेळापत्रकाला बांधलं गेलं. सकाळी पावणेसातला फाट्यावर गाडी. संध्याकाळी परतीची साडेचारला. त्यानंतर एकदम सातची, ती शेवटची. सातच्या गाडीनं यायचं म्हणजे अंधारात दोन किलोमीटर चाल, आणि आमच्याकडे अंधारात अस्वल असतं. ही गोष्ट लहान मुलांना घाबरवण्यासाठी रचलेली नाही. खानापूरच्या जंगलात अस्वलानं फाडलेली माणसं मी पाहिली आहेत. सातच्या गाडीचा प्रसंग आला की आप्पा इरलं डोक्यावर घेऊन, हातात बॅटरी आणि कोयता धरून फाट्यावर उभे राहायचे. दिवसभर शेतात राबलेला माणूस आपल्यासाठी तासभर भिजत उभा आहे, हे एकदा पाहिलं की दुसऱ्यांदा सातच्या गाडीचं नाव काढवत नाही.

तेव्हा साडेचार. पी.यू.सी.ची दोन आणि बी.ए.ची तीन, अशी पाच वर्षं साडेचार.

कॉलेज मात्र साडेचारला संपत नसे. खरं सांगायचं (इथं पुण्याचं ‘खरं’) तर ते तिथून सुरू व्हायचं. लायब्ररीतला रेफरन्स विभाग सहापर्यंत उघडा. अर्थशास्त्राचे सर चार वाजता चहा घेऊन झाडाखालच्या कट्ट्यावर येत, आणि बेळगावातल्याच टिळकवाडी, शहापूरची पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करत. तासाला ‘व्हॉट इज मार्जिनल युटिलिटी’ असं इंग्रजीत घोकून गेलेले हेच सर कट्ट्यावर मराठीत बोलत, कानडी पोरांशी कानडीत. कुठला प्रश्न यंदा येणार, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कधी भरायचा, धारवाडला एम.ए.ला कोण कोण शिकवतं, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म कुठं मिळतो, सगळं त्या कट्ट्यावर वाटलं जायचं. मी ते कट्टे पाच वर्षं लगबगीनं ओलांडून गेले. जाता जाता कानावर पडायचं ते हसणं तेवढं.

टिळकवाडीची पोरं मला हुशार वाटायची. हुशारीचा आणि बेळगावात घर असण्याचा काहीतरी आतला संबंध असावा, असं मी मनाशी मान्य करून टाकलं होतं. वर्गात उठून शंका विचारायची म्हणजे इंग्रजीत विचारायची. माझी शंका मराठीत असायची. तिचं इंग्रजी करेपर्यंत सर पुढच्या पानावर जायचे. मराठीत विचारायची जागा होती ती कट्टा, आणि कट्ट्याच्या वेळेला मी पिरनवाडीच्या पुढे पोचलेली असायची, खिडकीच्या गजाला डोकं टेकून.

इथं एक सांगून टाकते, कारण मातृभाषेतल्या शिक्षणावर आमच्या सीमाभागात भाषणं फार होतात आणि टाळ्याही मिळतात. ‘सीमान्त उपयोगिता’ हा शब्द ‘मार्जिनल युटिलिटी’पेक्षा तसूभरही सोपा नाही. खेड्यातल्या पोरीला दोन्ही सारखेच परके. मातृभाषा पारिभाषिक शब्द सोपे करून देत नाही. ‘मला हे कळलं नाही’ हे वाक्य म्हणायची छाती देते. युनेस्कोनं १९५३ सालीच मुलाच्या भाषेतून शिकवावं असं सांगितलं, आपल्या राज्यघटनेतलं कलम ३५०अ प्राथमिक शाळेपुरती तशी सोय करायला सांगतं. चांगलंच आहे. आमची अडचण प्राथमिक शाळा सुटल्यावर सुरू होते, आणि तिथं कुठलंच कलम येत नाही.

बी.ए.ला मला चौपन्न टक्के पडले. सेकंड क्लास.

पुढं काय, यावर घरात बैठक बसली. मामा म्हणाले, कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ आपलं, भाषा आपली, माणसं आपली. आप्पांचं म्हणणं धारवाड. त्यांचं कारण साधं होतं: बेळगावची सगळी कॉलेजं तेव्हा कर्नाटक विद्यापीठाखाली होती, राज्य तेच, फी कमी आणि वसतिगृहात जागा मिळायची शक्यता जास्त. मामांनी ‘कानडी मुलखात पोरगी पाठवताय’ असं म्हणून तोंड फिरवलं. ते बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिल्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी पुढं असायचे, दंडाला काळी फीत बांधून. त्यांचा राग मला कळत होता. आप्पाही फेरीला जायचे, खरं त्यांनी फॉर्म धारवाडचाच आणला.

१९९२ च्या पावसाळ्यात खानापूरहून रेल्वेनं लोंढा, अळणावर करत मी धारवाडला उतरले. एक ट्रंक, एक वळकटी, काजूबियांची एक पिशवी. हे कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली निघालं ते मुंबईत, कारण हा सगळा भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता. वर्षभरानं ते धारवाडला आलं. टेकडीवरचा तो अवाढव्य परिसर उभा केला डी. सी. पावटे यांनी. केंब्रिजचे रँग्लर, आणि मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातले. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की खोलीपासून लायब्ररी चालत दहा मिनिटांवर आहे आणि रात्री उशिरापर्यंत दिवे चालू आहेत.

पहिला महिनाभर गंमत व्हायची. चार वाजले की माझे पाय आपोआप चप्पल शोधायला लागायचे. कुठं जायचं नाही, कुठली गाडी नाही, तरी पोटात गोळा. पुस्तक उघडं ठेवून मी घड्याळ बघत बसायची. लायब्ररीतला शिपाई एकदा कानडीत म्हणाला, बाई, घड्याळ चांगलं चाललंय, काळजी करू नका.

खोलीत दुसरी होती ती गदगकडची. तिला मराठीचा गंध नाही. माझं कानडी शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरतं, म्हणजे परीक्षेत पस्तीस मिळवण्यापुरतं. पहिल्या रात्री तिनं विचारलं, “ऊटा आतेन?” जेवलीस का? मी नाही म्हटलं तर तिनं ट्रंकेतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. भाषेचा प्रश्न तिथंच बराचसा सुटला.

संख्याशास्त्र हा माझा घात करणारा विषय होता. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचं माप, हे सूत्र पाठ असूनही मला कळलेलं नव्हतं. तासाला विचारायची हिंमत धारवाडातही नव्हतीच. एका रात्री मेसमध्ये तिनं टोपल्यातल्या सहा भाकऱ्या ताटात एकावर एक रचल्या. मेसच्या त्या भाकऱ्या म्हणजे एक पापडासारखी, दुसरी पाटासारखी. मग शेजारच्या पंगतीतून आणखी सहा मागून घेतल्या. त्या दिवशी तिथं वाढणारी आजी दुसरी होती, तिचा हात सारखा. दोन्ही चळतींची उंची जवळजवळ एकच. तिनं बोटानं दाखवलं: ‘ॲव्हरेज सेम.’ मग माझ्या चळतीतली पातळ भाकरी आणि जाड भाकरी बाजूला काढून माझ्या तोंडासमोर धरल्या आणि भुवया उडवल्या. “तिळीतेन?” कळलं?

कळलं. कायमचं. गेली सव्वीस वर्षं मी प्रमाण विचलन भाकऱ्यांवरच शिकवते. एका वर्षी वर्गात खरोखर भाकऱ्या नेल्या होत्या. मागच्या बाकानं त्या तास संपायच्या आत खाल्ल्या.

एम.ए.ला मला त्रेसष्ट टक्के मिळाले. चौपन्नवरून त्रेसष्ट. अर्थशास्त्राची मास्तरीण म्हणून मला ठाऊक आहे की यावरून काही सिद्ध होत नाही. वय वाढलेलं होतं, विषय आवडीचा होता, तपासणारे वेगळे होते. वसतिगृहानं गुण वाढवले असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मीच वर्गात फैलावर घेईन. म्हणूनच पुढं केव्हातरी ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाचा २००१ सालचा अभ्यास वाचनात आला तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतला जोडीदार जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटून दिला जायचा. म्हणजे हुशार पोरांनी हुशार जोडीदार निवडला, ही पळवाट बंद. आणि तरीही जोडीदाराच्या गुणांचा परिणाम दुसऱ्याच्या गुणांवर दिसला. फार मोठा नाही, पण दिसला. मला ती भाकऱ्यांची चळत आठवली. माझीही चिठ्ठीच होती; खोली क्रमांक कारकुनानं टाकलेला.

ते वाचन एका चर्चासत्राच्या निमित्तानं झालं. विषय आला होता: विद्यापीठीय अध्ययन वातावरण आणि विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक. असल्या शीर्षकांना मी सहसा हात लावत नाही. खरं त्या वर्षी कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू होती आणि वातावरण या शब्दानं आमचा जीव खाल्ला होता. भिंती रंगल्या. कुंड्या आल्या, भाड्यानं आल्याचा संशय होता. लायब्ररीच्या नोंदवहीत मागच्या तीन वर्षांच्या वाचकांच्या सह्या आठवडाभरात जमल्या. नॅकच्या तेव्हाच्या सात निकषांत एक निकष पायाभूत सुविधा आणि अध्ययन संसाधनांचा होता, त्यात पुस्तकं मोजत, संगणक मोजत, खोल्या मोजत. कमिटीतल्या एका सज्जन प्राध्यापकांनी मला विचारलं, “मुलं लायब्ररी वापरतात ना?” मी ‘हो’ म्हटलं. शेवटची गाडी कितीची आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फॉर्मात तो रकाना नव्हता.

गंमत अशी की १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमननी सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा इमारती आणि प्रयोगशाळा यांच्यावर सगळं अवलंबून असेल अशीच अनेकांची अटकळ होती. निघालं ते वेगळं. घरची परिस्थिती आणि आजूबाजूला बसणारी मुलं यांचं वजन खोल्या-फळ्यांपेक्षा जास्त भरलं. तो अभ्यास शाळांचा होता आणि त्यावर पुढं पुष्कळ भांडणं झाली, ती अजून चालू आहेत. तरी कुंड्या बघितल्या की मला कोलमन आठवतात.

स्वतःची झडती घ्यायची तर मीही काही कट्ट्यावरच्या सरांसारखी नव्हते. पहिली पंधरा वर्षं मी नोट्स सांगितल्या. इंग्रजीत, सावकाश, ‘फुलस्टॉप’ म्हणत. पोरांना तेच हवं असायचं. मान खाली, हात चालू, परीक्षेला तेवढं पुरे. २०१४ साली विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात नापास होण्याची शक्यता, ज्या वर्गात मुलांना बोलायला, सोडवायला लावतात त्यापेक्षा दीडपट निघाली. माझा विषय त्यात नव्हता म्हणून सुटका करून घेता आली असती. मी मात्र डोळ्यांसमोर पंधरा वर्षांचे निकाल आणले आणि त्या रात्री नीट जेवले नाही.

मग वर्गात मराठीत विचारा, कानडीत विचारा, कसंही विचारा, असं मी सांगून टाकलं. काय झालं? काहीच नाही. वर्ग गप्प. तोंड उघडायला परवानगी पुरत नाही. समोर साठ जण आहेत, त्यात बेळगावातली पोरं आहेत, आणि न कळणारे आपण एकटेच आहोत असं साठांतल्या चाळिसांना वाटत असतं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग छापला. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या एका बैठकीत इतकंच पटवायचं की पहिल्या वर्षी परकं वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि ते ओसरतं. त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं चढत गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. एका तासात हे व्हावं याचं मला अजून नवल वाटतं. मला हे सांगायला कुणी भेटलं नव्हतं, कारण ते सांगणारी माणसं कट्ट्यावर बसत.

आता पुन्हा जुलै २०२३.

त्याच्या महिनाभर आधी, ११ जूनला, कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. मी खूश होते, धडा शिकवायला असं उदाहरण आयतं मिळत नाही. वर्गात विचारलं, तिकीट वाढलं तर तुम्ही कॉलेजला यायचं सोडाल का? नाही, म्हणाली पोरं. का? दुसरी गाडीच नाही. झालं, म्हटलं, ज्याला पर्याय नाही त्याची मागणी किमतीला जुमानत नाही. आलेखावर रेषा उभीच्या उभी. आणि किंमत शून्य झाली तर? पोरी हसल्या. एक म्हणाली, “बाई, गाडीत पाय ठेवायला जागा न्हाई.” दोन मुलींनी तर मला सांगितलं की पासाचे पैसे वाचले म्हणूनच घरच्यांनी बी.ए.ला नाव घालू दिलं. माझ्या आप्पांनी पाच वर्षं तो पास काढला होता, त्यामुळे शून्य रुपयाचं ते तिकीट मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा डोळे भरून आले होते, हे कबूल करते.

खरं गाडी साडेचारचीच राहिली. भाडं शून्यावर आलं, वेळ तिथंच. उलट गर्दी एवढी वाढली की बसायला जागा हवी तर स्टँडवर आधी पोचायला हवं. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीची आवराआवर दहा मिनिटं आधी सुरू होत होती ती त्यामुळे. पैशाची अडचण सरकारला दिसली, ती मोजता येते. तासाची अडचण कुणाच्या खात्यात मांडायची?

सीमेवरच्या गोष्टी तर विचारूच नका. आमच्या कॉलेजात चंदगड तालुक्यातल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुली येतात. शिनोळी ओलांडली की झालं. एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीला तिकीट शून्य, दुसरीला पूर्ण, कारण तिचं आधार कार्ड पलीकडचं. सीमावादाचा भडका उडाला की दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबल्या. अशा दिवशी अंतर्गत चाचणी असली की हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढाच शब्द येतो. आणि एम.ए.ला जायचं तर २०१० पासून आमचं विद्यापीठ राणी चन्नम्मा. ते सुरू झालं भुतरामनहट्टीला, काकतीच्याही पुढं, महामार्गालगत. खानापूरकडच्या पोरीला आधी बेळगाव, मग दुसरी गाडी. तिथं मराठी विभागसुद्धा आहे. विभाग आहे, वाटेत दोन गाड्या आहेत.

त्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक साधी गोष्ट केली. शेवटचा तास झाला की स्टाफरूममध्ये जाऊन चहा घेण्याऐवजी त्या मुलीबरोबर स्टँडकडे चालायला लागले. वाट वीस मिनिटांची. माझं घर त्याच बाजूला, तेव्हा उपकार वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी ती इतकी अवघडली की छत्रीतून बाहेर भिजत चालली. तिसऱ्या दिवशी तिनं पहिली शंका विचारली. शंका पहिल्या धड्यावरची होती, जूनमधली. इतके दिवस तिनं ती जपून ठेवली होती.

मग एकाच्या दोन, दोनाचे सहा झाले. बैलहोंगलच्या गाडीचा एक कानडी मुलगा यायला लागला. त्याचंही दुखणं इंग्रजीच; तो कानडीत विचारायचा, मी माझ्या मेसच्या कानडीत सांगायची, आणि मधला शब्द अडला की जांबोटीवाली त्याला मराठी-कानडी मिसळून समजावायची. स्टँडवर आमचा एक बाक ठरून गेला, चहाच्या गाड्याजवळचा. स्टाफरूममध्ये चेष्टा सुरू झाली: मॅडम आता कंडक्टरची परीक्षा देणार. एका सहकाऱ्यानं मात्र गंभीरपणे विचारलं, “याचा रिझल्टवर काही परिणाम?” मी म्हटलं, सहा पोरांवर निष्कर्ष काढता येत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला त्या मुलीला अर्थशास्त्रात बावन्न पडले. माझ्यापेक्षा दोन कमी.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. ऑगस्ट संपत आला होता. आम्ही दोघीच बाकावर. मी लवचिकतेचा आलेख काढून दाखवत होते आणि वही भिजू नये म्हणून तिनं पिशवीतून कालचं तिकीट काढून दिलं, त्याच्या पाठीवर काढा म्हणाली. शून्य रुपयाच्या तिकिटाच्या पाठीमागं मी दोन अक्ष काढले. एक तिरकी रेषा काढली, दुसरी जरा जास्त तिरकी. तिसरी काढायच्या आत फलाटावर गाडी लागली. पाच मिनिटं आधी. गर्दीचा लोट उठला. “बाई, मी जातो,” म्हणून ती तिकीट मुठीत घेऊन घुसली. आमच्याकडे मुलीही ‘जातो’च म्हणतात. दार बंद झालं, गाडी मागं आली, वळली, फाटकाकडे निघाली. तेवढ्यात मागच्या खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं आणि ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, “बाई! दुसरी गाडीच नसली तर रेघ उभीच न्हवं?”

माझा आवाज तिथवर पोचला नसता. मी कोपरापासून हात सरळ वर उभा धरला.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली.